आवाजाची मधली वाट

आमच्या अम्मींनी जवळपास पन्नास वर्षे मुलींना कुरआन शिकवले. आज स्वतः आजी झालेल्या कितीतरी बायका लहानपणी त्यांच्यापुढे नूरानी कायदा उघडून बसल्या आहेत. शिकवताना त्यांचा आवाज भिंतीपलीकडे जायचा. चूक करणारी मुलगी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी अम्मी चुलीपुढून तिचा ‘ऐन’ दुरुस्त करायच्या.

चार वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला. आधी हात थरथरू लागला, मग हळूहळू आवाज खाली गेला. या आजारात आवाज बारीक होतो, आणि बोलणाऱ्याला मात्र आपण नेहमीसारखेच बोलतो आहोत असे वाटत राहते, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. अम्मींचेही तसेच झाले. आम्ही “काय म्हणालात?” असे पुन्हा विचारले की त्या चिडायच्या. त्यांना वाटायचे, आमचेच कान गेले.

आमची आपा गडमुडशिंगीत राहते. तिच्या थोरल्या मुलाने घराच्या मागच्या खोलीत एक छोटा स्टुडिओ थाटला आहे. शाळांचे पाठ, नात, लग्नाची निमंत्रणे, गावच्या भजनी मंडळाचे अभंग, असे जे येईल ते तो रेकॉर्ड करून देतो. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी तो म्हणाला, “मामू, नानींचा तीसावा पारा रेकॉर्ड करून ठेवू या. पुढच्या वर्षी जमेल की नाही, सांगता येत नाही.”

अम्मींनी एक अट घातली. हे घरातल्या लेकरांसाठी. मोबाईलवर फिरवायचे नाही. आम्ही कबूल केले आणि काम सुरू झाले. ते काम आम्हाला एका जुन्या धाटणीच्या यंत्रापर्यंत घेऊन गेले. त्या यंत्राचे नाव कॉम्प्रेसर. फ्रीजमध्ये असतो तो नव्हे. हा आवाजाचा कॉम्प्रेसर.

मोबाईलवर काय चुकले

पहिला प्रयत्न आम्ही मोबाईलवरच केला. सूरह नबाच्या पहिल्या आयती बऱ्या आल्या. पुढे अम्मींचा श्वास कमी पडला की शब्द कुजबुजीइतके बारीक होत, आणि नवा श्वास घेतला की पहिला शब्द एकदम मोठा निघे. ऐकताना आम्ही बारीक आयतींसाठी आवाज वाढवला, तर पुढचा शब्द कानात टोचला. तो कमी केला, तर मागची आयत हरवली. सारखा हात बटणावर.

भाचा म्हणाला, “मामू, तुम्ही आत्ता जे हाताने करताय ना, तेच कॉम्प्रेसर करतो.”

खरोखर इतकेच आहे. आवाज एका ठरावीक पातळीच्या वर गेला की हे यंत्र तो आवरते. किती आवरायचा याचे प्रमाण असते. चारास एक असे प्रमाण असेल, तर त्या पातळीच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज बाहेर येताना फक्त २ डेसिबल वर राहतो. अशी शिखरे खाली आली की मग सगळाच आवाज थोडा उचलता येतो. त्यामुळे बारीक शब्द ऐकू येतात आणि मोठे शब्द टोचत नाहीत.

हे ऐकताना आम्हाला एक हदीस आठवली. अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत ती आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एका रात्री बाहेर पडले, तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) अगदी हळू आवाजात नमाज पढत होते आणि हजरत उमर (रजि.) मोठ्या आवाजात. पुढे दोघे भेटल्यावर प्रेषितांनी कारण विचारले. अबू बकर (रजि.) यांचे म्हणणे असे की, ज्याच्याशी मी बोलत होतो त्याला मी ऐकवले आहे. उमर (रजि.) यांचे म्हणणे असे की, मी पेंगणाऱ्यांना जागवतो आणि सैतानाला पळवतो. प्रेषितांनी दोघांपैकी कोणालाही चूक ठरवले नाही. पहिल्यांना आवाज थोडा वर घ्यायला सांगितले, दुसऱ्यांना थोडा खाली. सूरह बनी इस्राईलच्या ११० व्या आयतीतही नमाजेतील आवाज फार मोठा नको, फार बारीकही नको, मधली वाट धरा, अशीच शिकवण आहे.

शाळेत आम्ही ही हदीस कितीदा तरी सांगितली असेल. पण तिच्यातील ‘थोडा’ या शब्दाचे वजन आम्हाला त्या स्टुडिओत कळले. ते कसे, ते पुढे येईलच.

मानेचा कॉम्प्रेसर

यंत्र येण्याआधी हे काम माणसाची मान करत असे. १९२५ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गाणारा एका मोठ्या कर्ण्यात गात असे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरत असे. तान चढली की गाणाऱ्याने मान मागे घ्यायची, हळू जागा आली की कर्ण्याजवळ यायचे. आजही अनुभवी मुअज्जिन माइकपुढे तेच करतात. आवाज चढताना ते अर्धे पाऊल मागे सरतात. आपल्या मशिदीत नीट पाहा, दिसेल.

आपल्या भागाला या गोष्टीचा मोठा इतिहास आहे. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या कर्ण्यापुढे गाऊन तबकड्या दिल्या आणि पुढे विजेच्या मायक्रोफोनपुढेही त्या दिल्या. १९३७ साली ते वारले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरां यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचा आवाज मात्र आजही घरबसल्या ऐकता येतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँ होते. खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज तरुणपणी अति गाण्याने बसला होता. तो पहिल्यासारखा परत आला नाही. त्यांनी जो आवाज उरला त्याला साजेशी नवी गायकी घडवली. तिलाच आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात. १९४६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अवकाशात गेला आणि तो अजून दूर चालला आहे. गुरूचा आवाज मात्र त्यांच्या कोल्हापुरातही कोणाला लावून ऐकता येत नाही.

गाण्याविषयी आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत, त्या वादात आम्ही पडत नाही. सांगायचे एवढेच की, आवाज राखला तर राहतो, नाही तर माणसाबरोबर जातो. हे उस्तादांचे झाले. मग आपल्या दादी-नानींचे काय?

कुरआनच्या पठणाबाबत इजिप्तमध्ये हा विचार वेळीच झाला. लबीब अस्-सईद यांनी संपूर्ण कुरआनचे पठण ध्वनिमुद्रित करण्याची कल्पना मांडली आणि कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात ते काम होऊन १९६१ साली पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण लोकांपुढे आले. आजही तजवीद शिकणारी मुले त्यांचेच पठण लावून बसतात. अम्मींच्या कपाटातही त्यांच्या कॅसेट होत्या.

उजेडाने आवरणारा आवाज

भाच्याने आणलेले यंत्र व्हॉल्व्हचे होते. वडीलधाऱ्यांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे. आतल्या काचेच्या नळ्या तांबूस उजळायच्या, गरम व्हायच्या आणि मग बातम्या सुरू व्हायच्या. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट केला, तो काळही अशाच नळ्यांचा होता.

आवाज आवरणारी यंत्रे १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओ केंद्रांसाठी पुढे आली. बोलणारा अचानक ओरडला तर प्रक्षेपण फाटू नये, हा त्यांचा हेतू. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स लॉरेन्स यांच्या टेलेट्रॉनिक्स कंपनीने ‘एलए-टू-ए’ नावाचे यंत्र काढले. भाच्याकडचे यंत्र त्याच धाटणीचे आहे. मुंबईतील बंद झालेल्या एका स्टुडिओतून ते दुसऱ्या हाताने आले. हप्त्यावर घेतले असते तर व्याज लागले असते, म्हणून त्याने दोन वर्षे पैसे साठवले.

संगणकात हेच काम करणारी प्रणाली असते आणि ती पुष्कळ स्वस्त, काही तर फुकट मिळते. मग हे जड धूड कशाला, असे आम्ही विचारले. त्याने वरचे झाकण दाखवून आतली गंमत सांगितली. आत येणाऱ्या आवाजाच्या दोन वाटा होतात. एक वाट व्हॉल्व्हमधून मोठी होऊन बाहेर जाते. दुसरी वाट एका छोट्या प्रकाशपट्टीला जाते. आवाज जितका मोठा, तितकी ती पट्टी जास्त उजळते. पट्टीसमोर एक प्रकाश ओळखणारा तुकडा असतो. उजेड वाढला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि आवाजाचा काही भाग तिथून वाहून जातो. म्हणजे मोठा आवाज स्वतःच दिवा लावतो आणि त्या दिव्याच्या उजेडाने स्वतःच लहान होतो.

या पट्टीला आणि तुकड्याला थोडा वेळ लागतो, आणि तोच त्यांचा गुण आहे. आवरायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. सोडताना निम्मी पकड सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटते आणि उरलेली सावकाश, काही सेकंदांत. त्यामुळे आवाज झटके खात नाही. संगणकातली प्रणाली याचीच नक्कल करते आणि चांगली करते. भाचाही प्रामाणिकपणे म्हणाला, “मामू, ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना फरक कळणार नाही. पण मला बटण हातात धरून, काटा बघत काम केलं की समजतं.” आम्हाला हे पटले. खडू-फळ्यावर गणित सोडवणाऱ्याला ते पडद्यावर सोडवून समाधान मिळत नाही, तसे.

रॅकमध्ये बसवताना

आता थोडे कामाचे बोलू. अनेक घरांतली मुले आज असे उद्योग करू पाहत आहेत, त्यांच्या आई-वडिलांनीही हे वाचावे.

ही यंत्रे १९ इंच रुंदीच्या लोखंडी चौकटीत, म्हणजे रॅकमध्ये बसतात. उंची ‘यू’ या मापाने मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. आमचे यंत्र तीन यूचे. व्हॉल्व्ह तापतात, म्हणून त्याच्या वर एक यूची जागा मोकळी सोडली. यंत्र जड असल्यामुळे पुढचे चार स्क्रू पुरत नाहीत, मागूनही आधार दिला. रॅक भिंतीला चिकटवला नाही, गरम हवेला वाट ठेवली.

रॅकमध्ये बसवले आणि आम्हीच घोळ घातला. भाचा तारा सोडवत होता, आम्ही उत्साहाने प्लग लावला आणि खटका दाबला. एक क्षण यंत्राने घुरघुर केली, फट् असा आवाज आला आणि सगळे शांत. करपल्याचा बारीक वास खोलीभर. भाच्याने मागे वाकून पाहिले. यंत्राच्या पाठीवर एक लहानसा खटका होता, तो ११५ व्होल्टवर होता. आपल्या घरात येतात २३०. विकणाऱ्याने सांगितले नव्हते, आणि आम्ही पाहिले नव्हते.

दोन वर्षांची बचत आमच्या एका बोटाने जाळली, असे वाटून आमच्या पायांतले बळ गेले. भाचा काही बोलला नाही. त्याने प्लग काढला आणि “नमाज पढून येऊ या” एवढेच म्हणाला. असरनंतर त्याने फ्यूज काढून पाहिला. तो जळाला होता. खटका २३० वर केला, त्याच मापाचा नवा फ्यूज घातला आणि यंत्र उजळले. अल्हम्दुलिल्लाह, दोन-चार रुपयांच्या वस्तूने स्वतः जळून बाकीचे वाचवले होते. म्हणून फ्यूजच्या जागी कधी तार गुंडाळू नये. आमच्या लहानपणी घरोघरी ते चालायचे.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या. पहिली, व्हॉल्व्हच्या यंत्रात दोनशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तो काही काळ राहतो. म्हणून झाकण उघडून बोट घालायचे नाही. जाणकाराकडेच न्यावे.

दुसरी, गुणगुण. सगळे जोडल्यावर स्पीकरमधून एक बारीक ‘हूं’ येऊ लागला. हा विजेच्या पुरवठ्याचा आवाज. दोन यंत्रांचे अर्थिंग वेगवेगळ्या जागी गेले की त्यांच्यामध्ये एक फेरा तयार होतो आणि गुणगुण शिरते. कोणीतरी सल्ला दिला की प्लगचा जाड, अर्थिंगचा पाय कापून टाका. गुणगुण जाते खरी, पण यंत्रात बिघाड झाला तर वीज पेटीच्या पत्र्यावर येते आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. तो पाय कधीही कापू नये. भाच्याने सगळी यंत्रे एकाच बोर्डवर घेतली आणि तीन पिनांच्या संतुलित तारा वापरल्या. या तारेतून एकच आवाज दोन वाटांनी उलट-सुलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्हींवर सारखाच चढतो, आणि शेवटी एकातून दुसरा वजा केला की तो गळून पडतो.

तिसरी, पुरवठा. शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे दिवे मंद होतात. चांगला स्टॅबिलायझर हा खर्च टाळू नये. आणि काम सुरू करण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे यंत्र चालू ठेवून तापू द्यावे.

आधी खोली, मग यंत्र

कॉम्प्रेसरचे एक वैगुण्य आहे. शिखरे खाली आणून सगळा आवाज उचलला की मागचा गोंगाटही उचलला जातो. पंख्याची घरघर, फ्रीज, कुत्रे, सगळे पुढे येऊन बसते. गडमुडशिंगीत तर उजळाईवाडीचे विमानतळ जवळ. शिवाय गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून रस्त्याने जातात. तो आवाज एकदा अम्मींच्या आयतीखाली मिसळला की कोणत्याही यंत्राने वेगळा होणार नाही.

म्हणून आधी खोली सावरली. आपाने पेटीतल्या जुन्या वाकळा काढून दिल्या. त्या तीन भिंतींवर टांगल्या, जमिनीवर सतरंजी टाकली. वेळ फजरनंतरची धरली, तेव्हा गाव शांत असते. त्यातही अम्मींचे औषध घेऊन तासभर झाला की त्यांची थरथर कमी व्हायची, तेवढी वीस मिनिटे आमची. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला. पाठीला उशी. अम्मी दररोज वजू करून, ओढणी नीट करून बसायच्या. दिवसाला एक-दोन सूरह. बावीस दिवसांत तीसावा पारा पूर्ण झाला.

भाच्याने एक शहाणपण केले. रेकॉर्ड करताना कॉम्प्रेसर मध्ये घातलाच नाही. अम्मींचा आवाज कोरा, जसा आहे तसा साठवला आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. नंतर तो कोरा आवाज संगणकातून बाहेर काढून यंत्रातून फिरवायचा आणि परत साठवायचा. कारण एकदा दाबलेला आवाज पुन्हा पूर्वीसारखा करता येत नाही. दुसरा कोणी असता तर पुन्हा म्हणायला सांगितले असते. अम्मींना ते सांगणे शक्य नव्हते.

सूरह फलकची परीक्षा

या यंत्राला मुख्य बटणे दोनच. एकाने किती आवरायचे ते ठरते, दुसऱ्याने नंतर किती उचलायचे ते. मध्ये एक काटा असतो, तो किती डेसिबल आवरले ते दाखवतो. आम्ही पहिल्या दिवशी काटा दहा-बाराच्याही पलीकडे जाऊ दिला. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागला. आम्ही दोघे खूश.

आपाला बोलावून ऐकवले. ती दोन मिनिटे ऐकत राहिली आणि म्हणाली, “शब्द ऐकू येतात रे. पण ही अम्मी नाही.”

पुन्हा ऐकले तेव्हा तिचे म्हणणे कळले. प्रत्येक आयतीच्या आधीचा श्वास आयतीइतकाच मोठा झाला होता. अम्मी थकून हळू झाल्या ती जागा आणि अम्मी दुआ म्हणताना मुद्दाम हळू होतात ती जागा, दोन्ही सारख्याच. सगळे सपाट. जणू कोणी अनोळखी बाई कानाशी बसून धापा टाकत वाचते आहे.

मग आम्ही सूरह फलक लावली. या सूरहच्या पाचही आयतींचा शेवट कलकलाच्या अक्षराने होतो: काफ, काफ, बे, दाल, दाल. थांबताना या अक्षरांना एक बारीकशी उसळी द्यायची असते, हे तजवीद शिकलेले लेकरूही सांगेल. फार आवरलेल्या आवाजात ही उसळी बुडाली होती. आधीच्या मोठ्या स्वराने दिवा लावलेला, तो विझायच्या आत शेवटचे अक्षर येऊन गेलेले. ज्या बाईने पन्नास वर्षे मुलींचा कलकला दुरुस्त केला, तिचाच कलकला आमच्या यंत्राने पुसला होता.

भाच्याने बटण हळूहळू मागे घेतले. सहा डेसिबल. अजून नाही. चार. पाचही आयतींच्या शेवटी उसळी परत आली तेव्हा काटा तीनच्या आसपास हलत होता. मोठे शब्द थोडे खाली, म्हणून बारीक शब्द थोडे वर. काही आयती अजून हळूच राहिल्या. तिथे ऐकणाऱ्याला कान द्यावा लागतो. तो द्यावा, असे आमचे ठरले. उरलेल्या मोजक्या जागा भाच्याने हातानेच एकेक करून उचलल्या, त्याला तीन रात्री लागल्या.

शेवटी अम्मींना ऐकवायचे होते. भाच्याने आधी कोरा आवाज लावला. अम्मींनी डोळे मिटून ऐकले आणि आमच्याकडे पाहून विचारले, “इतनी हलकी हो गई मेरी आवाज?” चार वर्षे आम्ही जे सांगत होतो, ते त्यांना त्या दिवशी प्रथम कळले. आम्हाला काय बोलावे सुचेना. मग भाच्याने दुसरा लावला, तीन डेसिबलचा. त्यांनी सूरह फलक शेवटपर्यंत ऐकली, प्रत्येक आयतीला मान हलवली, आणि म्हणाल्या, “ये ठीक है. ये मैंच हूं.”

आम्हाला त्या क्षणी हदीसमधला ‘थोडा’ आठवला. अबू बकर (रजि.) यांना उमर (रजि.) यांच्यासारखे व्हा, असे सांगितले नव्हते, की उमर (रजि.) यांना अबू बकर (रजि.) यांच्यासारखे. थोडा वर, थोडा खाली. दोघेही आपापल्या आवाजातच राहिले. वर्गातही हेच असते. गप्प मुलाला बोलते करायचे, दंगेखोराला आवरायचे. पण सगळी मुले एका सुरात बोलू लागली तर तो वर्ग राहत नाही.

आपल्या घरातले आवाज

वाचक बंधू-भगिनींनो, यासाठी व्हॉल्व्हचे यंत्र लागतेच असे नाही. ते भाच्याची हौस आणि धंदा म्हणून आले. घरातला मोबाईल पुरतो. फजरनंतरची शांत वेळ, पंखा आणि फ्रीज बंद, भिंतींवर गोधड्या, मोबाईल तोंडाजवळ वीतभर अंतरावर, आणि घाई नाही. कोरी प्रत दोन जागी ठेवा आणि तिला हात लावू नका. स्वच्छ करण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा, आणि करताना घरातल्या अशा माणसाला ऐकवा ज्याने तो आवाज लहानपणापासून ऐकला आहे. काटा जे दाखवत नाही, ते त्याला कळते.

ज्यांचा आवाज आहे त्यांची परवानगी घ्या आणि त्यांनी घातलेली अट पाळा. आवाज ही अमानत आहे. अम्मींचा तीसावा पारा आज आमच्या चार घरांत आहे, पाचव्या ठिकाणी गेलेला नाही. जाणारही नाही, इन्शाअल्लाह.

परवा आपाची नात सूरह फलक पाठ करत होती. दुसऱ्या आयतीच्या शेवटी तिची उसळी राहिली. आपा म्हणाली, “पणजीला विचार.” मुलीने मोबाईलवर ती आयत लावली, ऐकली, आणि पुन्हा म्हणाली. या वेळी बरोबर. अम्मी पलीकडच्या खाटेवर होत्या. त्यांनी बारीक आवाजात काहीतरी म्हटले. नीट ऐकू आले नाही, म्हणून आम्ही उठून त्यांच्या जवळ जाऊन बसलो.

अल्लाह सर्वांच्या घरातील वडीलधाऱ्यांची सावली कायम ठेवो. आमीन.